सासूबाईंची डिस्क, माझी डिस्क

आणि वर लोक मलाच विचारतात, "इलारिओ, धड चाललेल्या कॉम्प्युटरचं झाकण तुला काढायचंच कशाला होतं?" आता काय सांगू तुम्हाला! झाकण काढलं ते सुरक्षिततेसाठी! हो... हसा, हसा. पण ऐकून तर घ्या.

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच. घर म्हणजे तसं सासूबाईंचं, इथलंच, आमच्या लुके गावातलं. मी तिथे राहतो, माझी बायको मिर्ता तिथे राहते, आणि सासूबाई... त्या राहत नाहीत हो, त्या राज्य करतात! सासूबाई देओलिंदा, त्यांचं भरतकाम म्हणजे अख्ख्या लुकेत नाव आहे. पूर्वी हातानं करायच्या, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मशीन घेतलंय. त्या मशीनची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, आणि नक्षीचा तो प्रोग्रॅम चालतो फक्त विंडोजवर. आणि मी? मी लिनक्सचा माणूस! लिनक्स म्हणजे विंडोजला फुकटातला पर्याय, लिनक्स म्हणजे स्वातंत्र्य, लिनक्स म्हणजे स्वाभिमान, असं मी जेवताना सांगतो आणि सगळे पटापट जेवण उरकतात. लिनक्सची खूण म्हणजे पेंग्विन; ते बघून सासूबाईंनी एकदाच बजावलं होतं, "जावईबापू, तुमचं ते पेंग्विन माझ्या फुलांच्या वाटेला गेलं, तर याद राखा हं!"

म्हणून मी काय केलं? दुसरी डिस्क बसवली. त्याच कंपनीची, त्याच आकाराची, अगदी जुळी बहीण! एकीवर त्यांचं विंडोज, दुसरीवर माझं लिनक्स. गावभर सांगत फिरलो, "दोन वेगळ्या डिस्क! कुणाचा कुणाशी संबंध नाही!" मिर्ता म्हणाली, "नक्की ना?" म्हटलं, "अगं, दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत ती!"

तर गेल्या आठवड्यात काय झालं... आमची भाची, अरासेली, तिच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा शनिवारी. चर्च, नाच, शंभर माणसं, आणि सासूबाईंनी शिवलेला झगा. वरचं सगळं झालेलं, फक्त खालच्या झालरीवर कृष्णकमळं भरायची राहिली होती. गुरुवारी जेवण झालं, सासूबाई दुपारच्या झोपेला गेल्या. दुपारी आमच्याकडे इतकं ऊन असतं की कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात! तेवढ्यात मला आठवलं, लिनक्सची नवी आवृत्ती आलीये. शांतता आहे, टाकून घेऊ. पण समजा काही चुकलंच, तर सासूबाईंच्या फुलांना धक्का नको... म्हणून झाकण काढलं, त्यांच्या डिस्कच्या वायरी उपसल्या आणि बटण दाबलं.

काळोख! काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, आणि ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावतेय! माझं लिनक्स गेलं कुठे? अहो, दोन वेगळ्या डिस्क ना? कुणाचा कुणाशी संबंध नाही ना? आहे हो, आहे! मीच लिनक्स टाकलं तेव्हा ते सुरू करणारा तुकडा जाऊन बसला होता सासूबाईंच्या डिस्कवर! बिऱ्हाडं वेगळी, पण माझ्या दाराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला!

घाईघाईनं त्यांची डिस्क परत जोडली. बटण दाबलं. तीच रेघ! आता ना लिनक्स, ना विंडोज! तेवढ्यात शेजारचा क्रिस्पिन थंडगार तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या पानांच्या गार काढ्याचा, थर्मास बगलेत मारून हजर. "काय रे, बंद करून परत चालू केलास का?" म्हटलं, "क्रिस्पिन, पेला भर आणि गप बस."

पेनड्राईव्ह शोधला. शिवणाच्या खणात एक सापडला, त्यातलं होतं नव्हतं ते पुसलं, क्रिस्पिनच्या घरच्या लॅपटॉपवरून त्यात लिनक्स भरलं, लावलं. चाललं! ते म्हणालं, एकच डिस्क दिसतेय, सगळं पुसून नव्यानं बसवू का? सासूबाईंची दिसत नाहीये म्हणजे ही माझीच. दाबलं 'हो'!

आणि दाबल्यावर... दाबल्यावर हो!... मनात आलं, वायरी मी नक्की कुणाच्या उपसल्या होत्या? डावीच्या की उजवीच्या? जुळ्या बहिणी! नाव नाही, खूण नाही! पडद्यावर पट्टी सरकतेय, कुणाचा तरी संसार पुसला जातोय, आणि कुणाचा ते मलाच माहीत नाही! क्रिस्पिन म्हणतो, "पट्टीचा रंग छान आहे रे."

आणि मागून सपातांचा आवाज. "जावईबापू, झालर भरायला घेतेय. खणातला माझा फुलांचा पेनड्राईव्ह कुठाय?"

तुम्हाला सांगतो, मी तिथंच सगळं कबूल केलं, पेनड्राईव्ह पुसल्याचंसुद्धा. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! खुर्चीत बसल्या, झगा मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "हातानं नाही हो जमायचं आता मला. सुईचं नाकच दिसत नाही." क्रिस्पिननंसुद्धा थर्मास खाली ठेवला.

मी मान घातली कॉम्प्युटरच्या पेटीत. खरंच, डोकंच घातलं आत. आणि पाहतो तर एक वायर लोंबकळतेय! वीज देणारी! मी दुसरी, माहिती नेणारी वायर जोडली होती आणि हिला विसरलो होतो! डिस्कला वीजच नाही, ती दिसणार कशी? पडद्यावरची पट्टी एव्हाना भरून संपली होती. वायर खुपसली, बटण दाबलं, डोळे मिटले. गडबड ऐकून आलेली मिर्ता ओरडली, "आई, तुझं विंडोज!" आणि पडद्यावर कृष्णकमळं... एकूण एक! मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या म्हणाल्या, "आधी हात पुसा, झगा पांढरा आहे."

म्हणजे पुसली गेली ती माझी डिस्क. माझे दहा वर्षांचे फोटो, मी लिहीत असलेली कादंबरी, सगळं! 'प्रत काढून ठेव गं, प्रत काढून ठेव' असं मिर्ताला रोज बजावणारा मी, माझी स्वतःची एक प्रत नाही! पण गंमत बघा, नव्या लिनक्सचा सुरू करणारा तुकडा आता माझ्याच डिस्कवर, म्हणजे खरोखर झाल्या की हो, दोन वेगळ्या डिस्क! कुणाचा कुणाशी संबंध नाही! मी अभिमानानं सांगायला तोंड उघडलं, तर सासूबाई म्हणतात, "एवढी मोठी डिस्क रिकामी झाली? बरंच झालं की! फुलांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. तुमचा काय नेम?"

"आणि माझं लिनक्स?"

"ते आत्ताच आलंय ना? रुळलं नाही तोवरच काढा."

काढलं. शनिवारी अरासेली नाचली, झालरीवरची कृष्णकमळं तिच्याबरोबर गिरक्या घेत होती, बायका सासूबाईंचे हात हातात घेत होत्या, आणि सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या जावईबापूंचे उपकार हो, पुसलं ते स्वतःचंच पुसलं!"

तशा दयाळू आहेत. माझ्यासाठी त्यांनी विंडोजवर वेगळं खातं उघडायला लावलंय. कॉम्प्युटर सुरू केला की दोन नावं येतात. वर 'देओलिंदा', खाली 'पाहुणा'. आणि पाहुण्याचा पासवर्ड... तो रोज सासूबाईंकडून मागून घ्यावा लागतो.