वाडीची हरकत नाय

मंडळी, बसा. मागच्यांनी पुढे सरका. वाडीतली माणसं आलीत, गावातली आलीत, नवीन पनवेलहून पाहुणे आलेत. माईक हातात दिलाय खरा, पण माझं तोंड उघडत नाही. दुःख आहेच. त्याहून जास्त लाज आहे.

गंगाराम गेला. गंगारामदादा. बघा, त्याला दादा म्हणायला मला त्याचा हार घातलेला फोटो लागला. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस, आपल्या कातकरीवाडीचा, वीटभट्टीवर हाडं झिजवलेला. आणि आपण सगळे त्याला गंग्या म्हणायचो. आपली शेंबडी पोरंसुद्धा. तो मात्र मला तात्या म्हणायचा.

आपल्या ग्रामसभेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ठराव वाचायचा, गावाचं मत घ्यायचं, मग कुणीतरी विचारायचं, वाडीचं काय? आणि उपसरपंच म्हणून मीच सांगायचो, "वाडीची हरकत नाय." वाडी मागे चपलांजवळ बसलेली असायची. तिला कोण विचारतो?

एकदा हा उठला. म्हणाला, "तात्या, हरकत हाय का नाय, ते आमाला इचारा ना." सभा हसली. मीही हसलो. म्हटलं, बस रे गंग्या, चहा येतोय.

तो बसला, पण गप्प बसला नाही. वाडीतल्या पोरापोरींना भट्टीवर उभं करून बोलायला लावायचा, तेही ट्रक चालू असताना. म्हणायचा, ट्रकच्या वर आवाज गेला तर सभेत पोचंल. पुढच्या सभेला ती पोरं पुढे येऊन बसली. त्याची पुतणी सुनीता, पनवेलला कॉलेजात शिकते, ती उभी राहिली आणि वाडीच्या नळाचं विचारलं. मी घाईघाईने पुढचा ठराव वाचायला घेतला.

आता सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालंय. सुनीताने उभं राहावं हा त्याचा ध्यास होता. तापाने पडला होता तेव्हा भेटायला गेलो, तर म्हणतो, "तात्या, कुनाला बसवू नका. माजी पोरगी आपली आपन बसंल." बसवणं म्हणजे काय, ते इथे सगळ्यांना कळतं. एखादी गरीब, मुकी बाई बघायची. सही तिची, कारभार आपला. नावसुद्धा ठरवून ठेवलंय आपण. खोटं बोलतोय का मी?

आणि आज सकाळचं सांगतो. खुर्च्या मांडताना मंडपवाल्याने विचारलं, वाडीतून कोण बोलणार? मी म्हटलं, "आपणच बोलू. वाडीची हरकत नाय." सवयीने तोंडातून गेलं. त्याच्याच शोकसभेला. सुनीता तिथेच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंडळी, अशा वेळी दोन मिनिटं उभं राहून गप्प राहायचं असतं. आज तेवढ्याने भागणार नाही. सुनीताताई, इथे या. हा माईक घ्या. या बोलतील तोवर आपण सगळ्यांनी गप्प राहायचं. आधी मी.

गंगारामदादा, रामराम.

बोला, ताई.