गॅलनला अकरा मैल

— नाही नाही, तुम्ही बाहेर येऊ नका वनाभाऊ, गाडीखाली पडल्या पडल्याच ऐका. मी तुमच्या पायांशी बोलते, मला चालतं — घरी तरी कुणाच्या तोंडाशी बोलते मी? तर काय सांगत होते — हां, झोप. डोळ्याला डोळा लागला नाही. बाईमाणसाची झोप कशानं उडावी — पोरीला ताप यावा, दूध नासावं, माहेरचं पत्र यावं — आणि माझी उडाली अकरानं. अकरा मैल! काल संध्याकाळी हे आले, जीप तुमच्या गॅरेजात लावली, घरी येऊन हातपाय धुतले आणि तोंड पुसता पुसता म्हणाले, "गाडी गॅलनला अकराच मैल देते. पिंपळनेरहून धुळ्याला यायचं नि परत जायचं म्हणजे शंभर मैल. नऊ गॅलन नुसते घरी येण्यात जाळायचे का? आता महिन्यानं येईन." पंचा दोरीवर टाकला आणि पानावर बसले. बस. आधी दर आठवड्याला यायचे — मग पंधरवडा झाला — आता महिना. मी आपली आढ्याकडे बघत पडले. अकराचे सोळा झाले तर शंभर मैलांना सहा गॅलन. तीन वाचले. तीन गॅलनांत एक माणूस घरी येतो — असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात? मला तरी शिकवलं नव्हतं, आणि मी मॅट्रिक आहे.

लता, हॉर्न नको वाजवूस. मिस्तरीकाका खाली आहेत ना. आणि त्या दांड्याला हात लावायचा नाही — वनाभाऊ, तिनं काही ओढलं तर गाडी सरकणार नाही ना? ठोकळे लावलेत? दोन्ही चाकांना? पलीकडचा मला दिसत नाही म्हणून विचारते. बरं. हे म्हणतात, मी बसल्या जागी अपघात घडवून आणते. खरंच आहे ते. हे घाटात असले की इथं सहाव्या गल्लीत माझे ब्रेक निकामी होतात — दिवसातून चारदा. पण सांगते, त्यांना कळू देऊ नका मी कशाला आले ते. ते पासिंगच्या कागदासाठी कचेरीत गेलेत, तिथून आले की चारला निघणार. विचारलंच तर म्हणा, डबा द्यायला आली होती. डबा खरंच आणलाय, हा बघा — कळण्याची भाकरी आणि ठेचा — तुम्हालाही काढून ठेवते दोन. म्हणजे खोटं बोलल्याचं पाप तुमच्या माथी नको.

मी दोष द्यायला नाही आले हो. तुम्हीच केलीत ही गाडी अशी, मला माहितीये — हे डिस्पोजलातली लष्करी जीप घेऊन आले तेव्हा तिला बघून मी हसले होते. बसक्या बेडकासारखी होती. तुम्ही मागून कापली, दीड हात वाढवली, वर पत्रा, आत दोन बाकं — आणि आठ माणसं बसायला लागली. तुमचं काम पक्कंच आहे, कुणाला विचारा. आमचीच वेळ फिरली. सरकारी एस.टी. आली आणि जळगाव रोडवरची यांची सर्व्हिस मोटार बंद झाली — ती असती तर रोज सातला घरी. रोज! मी तेव्हा कुरकुरायचे, कपड्यांना डिझेलचा वास येतो म्हणून. आता एस.टी. जात नाही तिथं जावं लागतं — पिंपळनेरच्या वर, डोंगरात, नाल्यानाल्यातून. तिथं रस्ता म्हणजे गाडी गेली तोच रस्ता. हसतमुख माणूस होता हो तुमचा अभिमनभाऊ. बघा, नाव घेतलं मी. लता, तू ऐकलं नाहीस.

आणि मी नुसती बसले नाही वनाभाऊ. गाडीबरोबर ते इंग्रजी पुस्तक आलं होतं ना, तेलकट, चित्रांचं — यांनी माळ्यावर टाकलेलं — ते मी काढलं. डिक्शनरी घेतली आणि वाचलं, रोज दोन पानं, लता झोपली की. सुनंदाबाई शेजारच्या विचारायच्या, "कादंबरी का वो कुंदाताई?" म्हटलं, हो, कादंबरी. काय सुंदर लिहिलंय पण! चिखल सरला की पुढच्या चाकांचा दांडा मागं घ्यायचा, नाहीतर चारही चाकं ओढत राहतात आणि पेट्रोल फुकट जातं. पायाखालचं पेडल एकदम दाबायचं नाही. रस्ता धुळीचा असेल तर हवेचं गाळणं आठ दिवसांनी धुवायचं. मी सगळं चिठ्ठीवर मराठीत लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि आरशाखाली चिकटवलं. ते बघून म्हणाले, "वा मास्तरीणबाई, आता क्लीनर म्हणून चला गाडीवर." — मी म्हटलं, चला! खरंच येते. आम्हा दोघींना न्याच तिकडं. तर लगेच हसू गेलं. "गाडीत जागा कुठंय? बाकावर माणसं, बाकाखाली माल." चिठ्ठी आहे का अजून तिथं, लता? आहे? फाटली नाही? — असू दे. नुसतं विचारलं.

काय दाखवताय? हे गाळणं? अगं बाई, हे तर चुलीच्या पोतेऱ्यासारखं दिसतंय. एवढी धूळ? म्हणजे — थांबा — म्हणजे गाडीला श्वासच घेता येत नव्हता म्हणा की! आणि चाकांत हवाही कमी? आणि दांडा? पुढंच अडकवलेला होता, इथं डांबरी आग्रा रोडवर येईपर्यंत? बघा! बघा, मी सांगत होते! देवा, किती बरं वाटलं. तुम्ही हसाल, पण मी रात्रभर देवाला हेच मागत होते की दोष गाडीत निघू दे. माणसात असण्यापेक्षा कार्बोरेटरात असलेला बरा — तो पान्यानं उघडता तरी येतो. मग आता किती होतील? सोळा? तेरा-चौदा? का, सोळा का नाही? पुस्तकात तर —

वझं? कसलं वझं? आत्ता तर रिकामी उभी आहे. — वनाभाऊ, तुमची अहिराणी मला अजून अर्धीच कळते, आम्ही बोदवडकडचे, पण हे कळलं. "वझं जास्ती शे ताई, बाकखाले काय भरेल शे?" मला काय ठाऊक काय भरलंय. कुणाचा तरी माल असेल. स्प्रिंगचे पाटे दबलेत म्हणता? मागचे? कायमचे दबलेत, म्हणजे रोजचंच ओझं आहे — उतरतच नाही — असं कसं होईल, माल चढतो तसा उतरतो ना? एखाद्या वाण्याची मिठाची पोती राहिली असतील. काढा की मग. "बठ्ठं काढनं पडी" म्हणताय ना, काढा सगळं. मी धरते एका बाजूनं. मी वाळकी दिसते पण जड उचलते — मागं जिनात कापसाच्या काट्यावर गमतीनं उभ्या राहिलो होतो मी आणि लता, दोघी मिळून दोन मणसुद्धा भरलो नाही. सुनंदाबाईंचे यजमान म्हणाले, ही कुठली जात, एवढी हलकी? म्हटलं, काळजीची. — सांभाळा, बोट! हं. ओढा. हे गोणपाट —

थांबा.

नाही, काही नाही. ओढा तुम्ही. — हे गोणपाट माझं आहे वनाभाऊ. म्हणजे मी शिवलेलं. ही शिवण बघा — दाभणानं, लाल दोऱ्यानं, आणि गाठ उलटी. मी डावखुरी आहे, माझी गाठ कुणाला सुटत नाही, कापावीच लागते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिवलं हे. आत माझं दळायचं जातं आहे. दोन्ही पाळ्या. आईनं बोदवडहून रेल्वेनं पाठवलेलं. आणि ते दुसरं उघडू नका, मी सांगते — पाटा-वरवंटा. त्याच्यामागं घंगाळ असेल, त्यात हंडा, हंड्यात खलबत्ता, आणि वाजू नये म्हणून मध्ये माझी जुनी लुगडी कोंबलीयेत. आहेत ना? नवं घर मांडायचं तर आधी जातं न्यावं, पाटा न्यावा, मग बाईनं जावं — अशी रीत आहे आमच्याकडे. म्हणून मी आधी हे पाठवलं. यांनी पिंपळनेरला खोली घेतली होती ना. दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड. "दिवाळीनंतर नेतो." मग "संक्रांत होऊ दे." आता शिमगा आला. पत्रात लिहायचे, खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून — मी लताला वाचून दाखवायचे, ती विचारायची, केवढा डोंगर, मी हात पसरून दाखवायचे. साऱ्या गल्लीला सांगितलंय मी ते पेरूचं झाड. सुनंदाबाईंनी तर पेरू मागून ठेवलेत.

डोंगर काय, गाडीतूनही दिसतो.

एक टाका तुटलेला नाही वनाभाऊ. पाच महिने. म्हणजे उतरवलंच नाही. म्हणजे खोली — तुम्ही का तिकडं बघताय? तुम्हाला ठाऊक होतं? — नका सांगू. नका सांगू, पान्यानं टकटक करा हवं तर. तो डबा बघू इकडं. हा बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा डबा, हाही मीच दिला होता, काठोकाठ भरून. रिकामा. नुसता चुरा. आता बिबडी काय कच्ची खायची वस्तू आहे? भाजायला विस्तव लागतो, विस्तवाला चूल लागते, चुलीला घर लागतं. कच्चीच खाल्ली असतील — बाकावर बसून, या आरशाखाली, माझी चिठ्ठी समोर. "पेडल एकदम दाबू नये." शीऽ! काय मेलं लिहीत होते मी. आणि मी काय काय मनात आणलं वनाभाऊ, तुम्हाला काय सांगू, तुम्ही भावासारखे म्हणून — मला वाटलं तिकडं कुणी — जाऊ दे. इतके दिवस तेच वाटत होतं. पेट्रोल हे निमित्त आहे, असंच वाटत होतं. आणि माणूस ह्या बाकावर पाय दुमडून झोपत होता. खोली मिळाली नसेल, किंवा मिळूनही परवडली नसेल, आणि मला सांगायला — उतरवायला जागा नाही, परत आणायला तोंड नाही. म्हणून माझं जातं घाटात वर न्यायचं, घाटातून खाली आणायचं. रोज. माझंच जातं पेट्रोल पीत होतं म्हणायचं! आणि मी गाळण्याला दोष देतेय.

लता, त्या हंड्यात डोकं घालू नकोस. अडकेल. अडकलं म्हणजे मग — नको ना गं.

काय करू सांगा. नाही, तुम्ही कशाला सांगाल, तुम्ही मिस्तरी. हे सामान इथं ठेवलं तर गाडी हलकी होईल, चौदाचे पंधरा होतील, माणूस पंधरवड्याला येईल. पण मग त्यांना कळेल की मला कळलं. मान खाली घालून जेवतील, आणि मला ते बघवणार नाही. आणि परत चढवलं तर — तर अकरा. तर महिना. पण निदान जातं तिकडं आहे, म्हणजे कधीतरी घरही होईल, असं तरी — हसू नका. हसत नाही आहात?  मघाशी पायांशी बोलत होते तेच बरं होतं, आता समोर उभे राहून नुसता पाना पुसताय.

चढवा परत. होतं तसंच, बाकाखाली. चढवा. गोणपाटावर माझी बोटं उमटलीत धुळीत, ती पुसा. चार वाजत आले, ते येतीलच आता. मी आले नव्हते, डबा लतानं दिला, एवढंच सांगायचं. भाकरी खाऊन घ्या. आणि तो पुढचा दांडा तेवढा तुम्ही सांगा त्यांना, तुमचं म्हणून सांगा — पुस्तकातलं म्हणून नको. — चल गं लता, खाली उतर. उतर म्हटलं ना. तिथं मागं कुठं जाऊन बसलीस? बाकाखाली काय शिरतेस, कपडे बघ. काय? मोठ्यानं बोल, आत तोंड घालून पुटपुटू नकोस. काय म्हणालीस?

— आई, आता झाली ना जागा. मी इथं मावते. तू वर बस.