त्रेसष्टावा दगड

(वस्तुसंग्रहालयाची मागची खोली. टेबलावर तीन पिशव्या भरून दगड. पलीकडे भिंग घेऊन दगडांच्या जाणकार बाई. अलीकडे, चष्म्याचं दुकान मुलीकडे सोपवून मोकळे झालेले काका आणि हाताची घडी घालून बसलेल्या काकू.)

बाई : हाही नाही, काका.

काका : धार तर बघा त्याची. टोमॅटो कापला जातो त्याने.

बाई : तुम्ही कापून बघितलात?

काकू : रोज बघतात. घरातली सुरी गंजत पडलीय.

बाई : धार आहे, पण ताजी आहे. बाहेरून दगड तपकिरी आणि तुटल्या जागी पांढराफटक. ही तांबूस रेघ लोखंडाची. नांगराचा फाळ लागून फुटलाय.

काका : म्हणजे हे हत्यार आदिमानवाने नाही घडवलं?

बाई : ट्रॅक्टरवाल्याने घडवलं.

काकू : तो आमच्या समोरच राहतो. विचारलं असतं तर त्यानेच सांगितलं असतं. एकसष्ट झाले, मी मोजतेय.

बाई : तुम्ही कशाला मोजताय?

काकू : आमचं ठरलंय. एक जरी खरा निघाला, तर दगड घरात राहतील. नाहीतर आज सगळे परत शेतात आणि यांचं सकाळचं हिंडणं बंद. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा नाही हो. परवा साबण समजून मी दगड चोळला.

काका : बाई, चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली. आता कुठे उन्हात हिंडतोय. तेही गेलं तर दिवसभर खुर्चीत बसून मी करू काय?

बाई : कळतंय मला. पण खोटं कसं सांगू? एक मात्र मानलं तुम्हाला. प्रत्येक दगडावर आकडा, आणि कुठे सापडला ते वहीत पावलं मोजून. हा लाल रंग कसला?

काकू : माझं नेलपॉलिश. दोन बाटल्या संपवल्या.

काका : हा बासष्टावा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला. यावर अस्वलाचं तोंड कोरलंय. हे कान, हे नाक.

बाई : काका, ही वीट आहे.

काका : जुनी असेल.

बाई : मागे कारखान्याचा शिक्का आहे.

काकू : झालं. उचला पिशव्या.

बाई : थांबा, तळाशी अजून एक आहे. यावर आकडा नाही.

काका : तो माझा नाही.

काकू : अगंबाई, तो माझा. पाण्याच्या पिंपावर झाकण उडू नये म्हणून ठेवते. हे सकाळी घाईत दिसेल तो दगड कोंबत होते, त्यात आला.

बाई : काकू, हा दोन्ही बाजूंनी घडवलाय. एक टवका इकडून, एक तिकडून, अगदी ओळीने. आणि सगळीकडे जुना रंग चढलाय, नांगर लागलेला नाही. ही हातकुऱ्हाड आहे. लाखभर वर्षांची तरी असेल.

काका : पिंपावर होती?

काकू : दोन वर्षं. तुम्ही रोज तीच उचलून पाणी घेता.

बाई : पण नेमकी कुठे सापडली ते कळल्याशिवाय मी हिची नोंद करू शकत नाही.

काका : संपलं मग. हिला काय आठवणार.

काकू : ओढ्याच्या वरच्या अंगाला, मोडक्या फाटकाच्या डाव्या हाताला, बांधावर.

बाई : इतकं नेमकं?

काकू : पाच मिनिटांत येतो म्हणून हे मला तिथे बसवून गेले. दोन तास मी ऊन खात बसले. मग हे लांबून येताना दिसले, मान खाली, बायको आणली होती हेसुद्धा विसरून. तेव्हा उचलला, यांना मारायला.

काका : मला?

काकू : मग काय ट्रॅक्टरवाल्याला?

बाई : म्हणजे हत्यार म्हणूनच उचललात.

काकू : हो. बघताक्षणीच कळलं, हा कामाचा आहे.

काका : मग मारला का नाहीस?

काकू : हातात इतका छान बसला की सोडवेना.

बाई : शोधणाऱ्याचं नाव कोणाचं लिहू?

काका : हिचं लिहा. आणि दगड घरात राहतील ना गं?

काकू : ठरलं ते ठरलं. पण न्हाणीघरात नाही.

काका : उद्या सकाळी येशील माझ्याबरोबर?

काकू : येईन. पण मला कुठे बसवून जायचं नाही.