पाच अधिक सहा चाळीस

अरे, पाच आणि सहाची बेरीज करताना घाम फुटलेला माणूस पाहायचा असेल तर माझ्याकडे पाहा! गोंदियाला कॉलेजात असेंब्ली या कॉम्प्युटरच्या भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा होती. दोन आकडे घ्यायचे आणि बेरीज दाखवायची, बस्स. मी पाच टाकून एंटर मारलं, सहा टाकून एंटर मारलं. स्क्रीनवर चाळीस!

बाहेरून आलेले परीक्षक दोन टेबलं सोडून उभे होते. माझी पार्टनर मंजू रोज कोहमाऱ्याहून जीपनं यायची. ती म्हणाली, "बेरीज सोड. नुसता पाच घे आन् तोच छाप."

छापला. आले पंधरा!

मंजू टुणकन उठली. "अवं, हे एंटरले बी आकडा समजून राहिलं! जीपवाला ड्रायव्हरलेच सवारीत मोजून राहिला!"

खरंच! एंटरलाही आकडा धरल्यानं पाचाचे आधी पन्नास होऊन त्यातून एंटरच्या कोडपायी पस्तीस वजा होत होते, म्हणून पंधरा; तसेच सहाचे पंचवीस. एंटर आलं का, हे तपासणारी ओळ आम्ही हिशोबाच्या खाली लिहिली होती. ती उचलून वर नेली. पाच, सहा, अकरा! मी तर किंचाळलीच. त्या आनंदात मंजूनं त्या ओळीपुढे शेरा टाकला, 'ड्रायव्हर को उतारो'.

तेवढ्यात परीक्षक आले. वाचून म्हणाले, "ये ड्रायव्हर कौन है?"

मंजू बिनधास्त, "सर, गाडी वही चलाता है, पर सवारी में नहीं गिनते."

त्यांनी चष्मा सावरला. स्वतः पाच टाकून एंटर मारलं, सहा टाकून एंटर मारलं. अकरा पाहून पुढच्या टेबलाकडे वळता वळता म्हणाले, "हाँ, उतर गया."