तांबडीचा इतिहास

हॅलो?… हो, काकाच बोलतोय… गॅरेजमधून. जरा मोठ्यानं बोल, इथं कण्हण्याचा आवाज आहे… मालकांचा. गाडीखाली आहेत ते… नाही गं, अपघात नाही. मीच ठेवलंय त्यांना.

अगं ऐक ना… आधी ऐक. किंचाळू नकोस, माझा एक कान तसाही बहिरा आहे. आपल्या तांबडीखाली, शर्यतीच्या गाडीखाली, तेल गळतंय म्हणालो, बघायला आत सरकले. मी जॅक उतरवला. थोडाच. पत्रा छातीवर टेकलाय. श्वास घेता येतोय… बोलताही येतंय. शिव्या देताहेत म्हणजे बोलता येतंच की.

कळव ना पोलिसांना. पण माझा हात जॅकच्या व्हॉल्व्हवर आहे. जरा फिरवला की संपलं.

तू कशाला फोन केलास ते सांग… माहितीपत्रक? हो, तांबडी विकत घ्यायला गिऱ्हाईक चार वाजता येणार, त्याला गाडीचा सगळा इतिहास हवाय. घे लिहून… नाही, आत्ताच. तू लिहीत राहिलीस तर माझा हात हलणार नाही.

पहिला मालक डॉक्टर. हाडांचा. नवीकोरी घेतली, पहिल्याच वर्षी डोंगराच्या शर्यतीत दुसरा आला. तिसऱ्या वर्षी उलटला, उजव्या हाताची तीन बोटं दाराखाली गेली. त्याची ऑपरेशनं बंद, शर्यतीही बंद… लिहिलंस?

मग लाकडाच्या वखारीवाले दोघे भाऊ. दोन शर्यती जिंकल्या. तिसरीत गाडी कोण चालवणार यावरून धाकट्यानं थोरल्याच्या डोक्यात चाकाचा पाना घातला… मेला नाही. पण पुढं त्याला स्वतःचं नाव आठवायचं नाही… नको लिहूस मग. 'घरगुती कारणाने विकली' असं लिही.

तिसरा हा. आडवा पडलाय तो… नाही, त्याला मालक म्हणणार नाही आता. एकतीस वर्षं म्हटलं.

यानं चालवायला दिली तुझ्या वडिलांना. माझ्या दादाला. हो, गाडीवर सत्तावीस नंबर होता त्या शर्यतीत. त्या अपघाताचं तू आधीच लिहून ठेवलंयस ना, ते वाच… वाच ना… 'मेकॅनिकने जोडणी नीट न केल्याने स्टिअरिंगचा आर्म तुटला. चालक आणि तीन प्रेक्षक ठार.' तो मेकॅनिक मी. लिहिताना काहीच वाटलं नाही तुला?… चौकशीत तसं आहे म्हणून. बरं.

चौकशीच्या वेळी मी दवाखान्यात होतो, जबडा तारेनं बांधलेला. गाडी भिंतीवर चढली, चाक सुटून माणसांत शिरलं. एका बाईचं डोकं… राहू दे. मी दादाला ओढत होतो, तो कमरेपर्यंतच आला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, मेकॅनिक हाच. लोकांनी खुर्च्यांनी मारलं. सहा दात तिथंच राहिले. तुझ्या आईनं दवाखान्यात येऊन त्याच जबड्यावर थोबाडीत दिली. मला वाटलं, बरोबर आहे वहिनीचं. माझाच हात चुकला असणार. मग दुसरं कुणी कामावर ठेवीना. यानं परत ठेवून घेतलं. मी तर याचे उपकार मानत होतो गं.

आज?… तेच सांगतोय. गिऱ्हाइकाला जुने भागही बघायचेत. यानं कुलपातली पेटी काढून दिली, पुसून ठेव म्हणाला. त्यात तो तुटलेला आर्म, चाकं वळवणारा दांडा. वर काळा रंग फासलेला, मी थिनरनं काढला. आमच्या गॅरेजची रीत होती, ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढायची. नट ढिला झाला तर रेघ सरकलेली दिसते, आणि हात कुणाचा होता तेही कळतं. माझा रंग निळा. याचा पिवळा. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी निळी रेघ ओढूनच झोपलो होतो… काळ्याखाली पिवळी निघाली, बाळ.

थांब, तो बोलतोय… मोठ्यानं बोल. तिला ऐकू जाऊ दे… ऐकलंस? कबूल केलं. पहाटे हा एकटाच गाडी घेऊन गेला, भिंतीला घासली, नवा आर्म वाकला. मग भंगारातला जुना बसवला. आता लिही…

काय?… काय म्हणालास? परत बोल…

म्हणतो, दादाला माहीत होतं. दादानंच बॅटरी धरली होती म्हणतो. भावाला उठवू नका, तो गाडी बाहेर काढू देणार नाही, असं दादा म्हणाला म्हणे… खोटारडा. हा बघ, फिरवला. अजून थोडा… बरगडीचा आवाज आला ना?

काय नको?… नीट बोल… खरं आहे? तुला काय ठाऊक, तू चार वर्षांची होतीस… आईनं सांगितलं. कधी?… जाताना.

म्हणजे सहा वर्षं झाली. सहा वर्षं तू दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतेस.

… हो. कळतंय मला. दादाला माहीत होतं असं निघालं असतं तर ती तीन माणसं त्याच्या माथी बसली असती. माझ्या माथी आधीच बसलेली होती… रडू नकोस. मी रागावलो नाही असं म्हणत नाहीये. रडू नकोस, एवढंच म्हणतोय.

थांब. फोन खाली ठेवतो. कट करू नकोस.

… हॅलो. हां. जॅक वर घेतला. त्याला ओढून काढलं, भिंतीला टेकून बसलाय. एक बरगडी गेलीय, कदाचित दोन. अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. पोलीसही येऊ देत, मी कुठं जात नाही.

आता कागद घे. मेकॅनिकचं वाक्य खोड. लिही, आर्म भंगारातला होता. मालकाला माहीत होतं, चालकाला माहीत होतं. मेकॅनिक झोपला होता… हो, वडिलांचंही लिही. तूच लिही… वाच आता… परत एकदा वाच.

गिऱ्हाईक? येऊ दे की. इतिहास मागितला होता, इतिहास मिळेल. गाडीचं सांगता येत नाही… यानं ओळखलं बघ. बरगडी मोडलीय तरी उठायला बघतोय… बस तिथंच.

नाही गं, त्याला नाही. त्याच्या अंगाला आता हात लावत नाही. तांबडीला. आधी इंजिन, मग स्टिअरिंग.

ठेवतो. घणाला दोन्ही हात लागतात.