खोबऱ्याच्या पिठाची पहिली खेप

सलीमा : हे बिस्किट हाय का भुसा, मंजुषा? भट्टीच्या पत्र्यावरून उचललं का चूर होऊन राह्यलं.

मंजुषा : किलोभर मैद्याच्या जागी किलोभर खोबऱ्याचं पीठ घेतलं, सलीमाबाई. आई घरून सामान आणायची, तुम्ही भट्टीत भाजून द्यायच्या. तेच माप धरलं.

सलीमा : तिथंच फसली. पावभर घ्यायचं. नारळाचं दूध पिळल्यावर उरलेला चोथा वाळवून दळते, मंग तहानलेलाच राह्यते तो.

मंजुषा : खरंय. पाणी प्यायलं, तूपही प्यायलं.

सलीमा : पण मैदा सोडून हे काऊन?

मंजुषा : बापूजींना गहू, मैदा बंद केलाय डॉक्टरनं. आतड्याला सोसत नाही. आई गेली त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. आज आठ दिवस झाले, भाताचं ताट सरकवून देतात. नुसता चहा पितात आणि आईची बिस्किटं मागतात. डब्यात अकरा उरलीत, मैद्याची. मी लपवून ठेवलीत.

सलीमा : या अल्ला. मंग असं कर, तीन अंडे फोड. त्याबिगर हे पीठ धरत नाई.

मंजुषा : तेरवीपर्यंत आमच्यात अंडं चालत नाही.

सलीमा : मंग कायनं धरशील?

मंजुषा : जवसानं. वाटून पाण्यात भिजवला की चिकट होतो. मी वाचलंय.

सलीमा : जवसाची चटणी खाल्ली बाप्पा, बिस्किट नाई खाल्लं! बरं, आण. त्यात तीन वाटे तांदळाचं पीठ टाकू.

मंजुषा : तांदळाची तर गिट्टी होईल.

सलीमा : नुसत्या तांदळाची होते. म्हणून एक वाटा तुह्यं खोबरं. चाळीस वर्षं भट्टीपुढं काय माशा मारल्या मी? पत्रा घासून घेतो, मैद्याचा कण नाई राहू देत.

(तासाभरानं. बापूजी बेकरीच्या बाकावर बसले आहेत, हातात चहा.)

बापूजी : घरी दिसली नाई. म्हटलं, इथीच असन.

मंजुषा : हे बुडवून बघा, बापूजी. गहू नाही यात.

सलीमा : सांभाळून, भाऊ. नव्या मापाची पहिलीच खेप हाय.

बापूजी : तुटलं नाई.

सलीमा : तुटते कशाले!

मंजुषा : कसं लागतंय?

बापूजी : तुह्या मायच्या हातासारखं नाई.

मंजुषा : नाही.

बापूजी : हे येगळं हाय. अजून एक दे.

सलीमा : घ्या न भाऊ, पत्राभर हाय.

बापूजी : मंजू, तू काय खाल्लं सकाळपासून?

मंजुषा : खाईन मी नंतर.

बापूजी : बस इथी. सलीमाबाई, पोरीले एक चहा सांगा.