चौदा दिवसांचं कुंकू

नाही गं गुंजन, ते 'रणांगण गाजवलं' काढून टाक. ह्यांनी काही गाजवलं नाही. स्वतःच सांगायचे, पाठीवर वायरलेसचा सेट घेऊन चिखलातनं चाललो, एवढंच माझं युद्ध. तू साधं लिही — प्रल्हाद निकम, मुक्काम कोरेगाव, जिल्हा सातारा, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं होते, मराठा पलटणीत, गोळा जवळ फुटला आणि डावा कान कायमचा गेला. पुरे तेवढं. रविवारी शोकसभेला हॉलमध्ये तुमच्या मंडळाची चाळीस माणसं जमणार, सगळी तुझ्यासारखी कॉम्प्युटरवाली, ह्यांना एकानंही पाहिलेलं नाही — त्यांच्यासाठी कशाला एवढं गाजवायचं? चहा घे. बिस्किटं वरच्या प्रेसमध्ये आहेत — कपाटाला इथले आयरिश लोक प्रेस म्हणतात, माझ्याही तोंडात बसलं बघ तीन महिन्यांत.

धंद्याचं? धंद्याचं लिही की, ते खरं आहे सगळं. ऐंशी साली पलटण सोडून आले आणि स्टँडमागं मोटारी रिवायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटारी गं, जळल्या की शेतकरी बैलगाडीत घालून आणायचे. ह्यांची एक तऱ्हा होती — स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावायचं, मूठ उजव्या कानाला, डोळे मिटायचे, आणि सांगायचे काय बिघडलंय ते. एका कानाचा माणूस, पण ऐकण्यात कधी चुकला नाही. पुढं मोठी शेड झाली, चौदा माणसं झाली, साताऱ्यापासनं कामं यायची. कपड्यांना सदा व्हार्निशचा वास. आमचा राजीव शिकला तो त्या व्हार्निशवर, इथं सिटीवेस्टला हे घर घेतलं ते — जाऊ दे. चांगले होते म्हणून लिही. कधी आवाज चढवला नाही, कधी हात उगारला नाही, मी जेवल्याशिवाय ताटावरनं उठायचे नाहीत. पंचावन्न वर्षांत खोटं बोलले नाहीत, हेपण लिहिणार होतीस ना? राजीवनं सांगितलं असेल. ते नको लिहू.

का म्हणजे? मला इथं कशी आणली ठाऊक आहे तुला? राजीवचा फोन आला, बाळीला क्रेशमध्ये जागा मिळेना, भार्गवीची हॉस्पिटलची रजा संपली, आई, तू ये. मी म्हटलं, दोघं येतो. तर हे म्हणाले, दुकान कोण बघणार, तू जा, नातीला खेळव, तीन महिने काय असे जातील. विमानतळावर माझ्या बॅगेला लाल फीत बांधली, ओळखू यावी म्हणून. बांधता बांधता धाप लागली. मी विचारलं तर म्हणाले, वय झालं गं. वय! पोटात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली, आणि डॉक्टरांनी मुदत दिली होती तीन महिन्यांची. व्हिसा माझा नव्वद दिवसांचा. बघ कसं जमवलं. दुकान तर दिवाळीतच विशालच्या ताब्यात दिलं होतं — विशाल म्हणजे आमचा जुना कारागीर — आणि रोज चारच्या ठोक्याला, म्हणजे इथल्या साडेदहाला, मला व्हिडिओवर फोन. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. आज रहिमतपूरची मोटार आली, कॉइल पार कोळसा झाली होती. आज विशालचं आणि त्या नव्या पोराचं वाजलं. आज मी वांग्याची भाजी केली, तुझ्यासारखी नाही झाली. सगळं रचलेलं, गुंजन! ना मोटार, ना भांडण, ना वांगी. साताऱ्यात दवाखान्यात होते, विशाल त्यांना शर्ट घालायचा आणि उशीला टेकवून बसवायचा. आणि इथं ह्याच टेबलावर भार्गवी त्यांचे रिपोर्ट वाचायची — सून डॉक्टर, लॅपटॉपवर काय बघते मला काय कळणार — समोर बसून मी मटार सोलायचे. मी विचारायचे, काय गं, पेशंट बरा आहे का तुझा? म्हणायची, ठीक आहे, आई.

नाही, चिडत नाही. आणि… आता निघालंच आहे तोंडातनं तर सांगते. जानेवारीत एकदा फोनवर त्यांच्या मागं पडदा दिसला. हिरवा. दवाखान्यात खाटांच्या मधे असतो तसला. आमच्या दुकानात कुठला पडदा? मी पाहिला. अगदी नीट पाहिला. आणि विचारलं, वांग्यात गूळ घातला होता का? का तसं विचारलं, मला नाही सांगता येत. घातला, म्हणाले.

त्याच महिन्यात पलीकडच्या घरचे म्हातारे वारले. त्यांची बायको मॉरीन, आयरिश बाई, कुंपणावरनं मला रोज हात करायची. इथं मयताला घरातच ठेवतात दोन दिवस, बैठकीच्या खोलीत, सूटबूट घालून, आणि येईल त्याला चहा, सँडविच. राजीव मला घेऊन गेला. मी त्या बाईशेजारी बसले. भाषा नाही काही नाही, तिनं माझा हात धरला आणि नवऱ्याच्या हातावर नेऊन ठेवला. गार, जड हात. ती त्याच्याशी बोलत होती, हसत होती मधेच, रडत होती. मला वाटलं, बरं आहे बाई ह्यांचं, पोटभर बघायला मिळतं. मागं वळून बघते तर राजीव ढसाढसा रडतोय. मला वाटलं, किती हळवा माझा मुलगा, परक्यासाठी रडतो! परक्याच्या मयताला नेलं त्यानं मला, गुंजन. आणि माझ्या माणसाच्या?

तेरा फेब्रुवारीला शेवटचा फोन. बोलणं अडखळत होतं, म्हणाले, दात काढलाय. दुसऱ्या दिवशी विशालचा निरोप, साहेबांचा मोबाईल पाण्यात पडला, दुरुस्तीला टाकलाय. पंधराला राजीव निघाला, ऑफिसचं ट्रेनिंग आहे, जर्मनीला. मी त्याला चटणी-पोळी बांधून दिली. जर्मनीला! गावातल्या एका माणसानं मला फोन केला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीनं नाही, सगळ्यांना बजावून ठेवलेलं. सतराला गेले. आणि मी इथं रोज आंघोळ करून आरशापुढं उभी राहत होते. चौदा दिवस मी कुंकू लावलं, गं. चौदा दिवस.

मग एका संध्याकाळी राजीव दारात, डोक्याला लोकरीची टोपी. आत आला, बाळीला उचललं, टोपी तशीच. मी म्हटलं, घरात टोपी कसली, काढ. काढेना. मी पुन्हा म्हटलं, काढ. काढली. डोक्यावर नुसते खुंट. कुणाला काही सांगावं लागलं नाही. मला म्हणतो, "आई, बाबांनी शपथ घातली होती. ती मला असं बघणार नाही, म्हणाले." मी म्हटलं, "आणि मी कोण होते? शेजारीण?" भार्गवी जिन्यात तोंडाला ओढणी लावून उभी. मी वर गेले, कपाळ पुसलं, आणि दोन दिवस खाली उतरले नाही. ती मॉरीन येऊन बसायची तेवढी.

तिसऱ्या दिवशी राजीवनं निरोप सांगितला. शेवटचा. म्हणे, बाबा म्हणाले, आईला एवढंच सांग — मी हे तिच्याकडनंच शिकलो. "म्हणजे काय गं, आई?" मी म्हटलं, वांग्याची भाजी रे. बिचाऱ्याला खरं वाटलं.

भाजी कसली. आम्हाला राजीवच्या आधी मुलगी होती. मृणालिनी. नाव ह्यांनीच ठेवलं, पलटणीतल्या कुणा साहेबाच्या मुलीचं ऐकून. गावात कुणाला म्हणता यायचं नाही, मिरनाली म्हणायचे. एकाहत्तरच्या चैत्रातली. कार्तिकात घटसर्पानं गेली, दीड दिवसात. सासरे म्हणाले, पोरगा तिकडं बंदुकीच्या तोंडावर उभा आहे, त्याला कळवायचं नाही. सातवी शिकलेली होते मी, घरात लिहिणारी मी एकटी. पाच पत्रं लिहिली. मृणाल खाली बसायला लागली. मृणालला दुसरा दात आला. मृणाल भिंत धरून उभी राहते, तुमचा फोटो दाखवला की हात करते. लिहायचे, पाकीट चिकटवायचे, आणि मग चुलीपुढं बसून — सासरे म्हणाले म्हणून लिहिली, असं मी सगळ्यांना सांगते. पहिलं पत्र त्यांच्या सांगण्यावरनं. बाकीची चार कुणी सांगितली नव्हती. मला लिहायलाच आवडायला लागलं होतं. लिहिलं की ती वाढायची.

मार्चमध्ये हे आले. कलकत्त्याचा लाल फ्रॉक आणलेला. दारातनंच हाका मारत. कुणी ओ देईना. रात्रभर फ्रॉक मांडीवर घेऊन बसले, सकाळी विचारलं, "भिंत धरून उभी राहिली होती का ती?" मी म्हटलं, नाही. "दात?" एक आला होता, खालचा. मग म्हणाले, "बरं केलंस. तुझी पत्रं खिशात होती म्हणून चाललो मी." संपलं. बावन्न वर्षं पुन्हा विषय नाही. मला वाटलं होतं, माफ केलं. तू सांग, शिकलेली आहेस — माफ केलं होतं का? की बावन्न वर्षं आत ठेवलं, उजव्या कानाशी धरून ऐकत बसले, आणि जाताना मला दाखवलं, की बघ, कसं वाटतं ते? की खरंच त्यांना वाटलं, मी दिलं ते चांगलंच होतं, म्हणून तेच परत दिलं? कुणाला विचारू? विचारायचा माणूसच जर्मनीला जाऊन जाळून आले!

रडू नकोस. लिहितेयस काय? फाड ते पान. राजीवला ह्यातलं काही माहीत नाही, बहीण तापानं गेली एवढंच. रविवारी मी हॉलवर येणार नाही, मंगळवारी माझं विमान आहे, त्यांना म्हणावं बोला तुम्हाला काय बोलायचं ते. गाडी वाजली का? आलाच तो. हे बघ, त्यानं विचारलं, आईनं काय सांगितलं, तर म्हणावं काही नाही, त्या झोपल्या होत्या, मी तशीच —

अगं बाई. आता तुलाही शिकवायला लागले.

जा. जा तू, गुंजन. मागच्या दारानं नको. पुढच्यानंच जा.